फक्त धान्य खाणारी कोंबडी

अंड्यांच्या ट्रेला एक पुठ्ठा टोचलेला होता. त्यावर निळ्या स्केचपेननं, वर मराठीत आणि खाली हिंदीत: ‘सेंद्रिय. फक्त धान्य. सप्लिमेंट अजिबात नाही.’ इंदूरचा रविवारचा सेंद्रिय बाजार, एप्रिल अर्धा सरलेला, साडेनऊलाच ऊन टेबलावर आलेलं. लोकमान्यनगरकडच्या असाव्यात अशा एक काकू ट्रेपाशी थांबल्या. “का हो भाऊ, यांना औषधं-बिवषधं नाही ना घालत?” “छे हो काकू, घरचा मका नि घरचं सोयाबीन. दुसरं काही नाही.” काकू निवडून निवडून अंडी घ्यायला लागल्या आणि एक अंडं उचलताना त्यांचा अंगठा सरळ आत गेला. जोर काही लावला नव्हता. त्या ओशाळल्या, विक्रेता त्यांच्याहून जास्त ओशाळला, दुसरं अंडं दिलं, व्यवहार पुरा झाला. फुटकं अंडं पुठ्ठ्याशेजारीच राहिलं. त्याचं निमुळतं टोक खरखरीत होतं, कवचावर करडे ओलसर ठिपके होते, आणि फुटलेल्या कडेला ते इतकं पातळ की आतल्या पापुद्र्यावर नुसतं भुरभुरून राहिलं होतं.

विक्रेता खोटं बोलत नव्हता. पाटी शंभर टक्के खरी होती, आणि अंगठा आत गेला तो त्या खरेपणामुळेच. हेच खटकत राहिलं.

हिशेब मांडून बघा. ५५ ग्रॅमच्या अंड्याचं कवच साधारण ५ ते ६ ग्रॅम भरतं. ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे निव्वळ कॅल्शियम २ ग्रॅमच्या वर. खाल्लेल्यातलं निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं, म्हणून अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या पोटात दिवसाला ४ ग्रॅमच्या घरात कॅल्शियम जायला हवं. आता तिच्या दिवसाच्या ११० ग्रॅम मका-सोयाबीनकडे बघा. मक्यात कॅल्शियम नावालाच, सोयाबीनमध्ये पाव टक्क्याच्या आसपास. सगळं मिळून जेमतेम ०.१ ग्रॅम. बाकीचं येतं हाडांतून. अंड्यावर येण्याच्या सुमाराला तलंगेच्या, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबडीच्या, लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळं, मऊसर हाड धरतं. ते याच कामासाठी राखलेलं असतं. ते सरलं की भार वाहणाऱ्या हाडांची पाळी. कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यात मिळून २० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि वर्षाला ३०० अंडी देणारी कोंबडी सहाशे-साडेसहाशे ग्रॅम कॅल्शियम कवचातून बाहेर टाकते. नुसत्या धान्यावर ठेवलेली कोंबडी आधी पातळ कवच देते, मग बिनकवचाचं लिबलिबीत अंडं, मग अंडी थांबवते, नाहीतर एक दिवस पायावर उभीच राहत नाही. मालक म्हणतो, उन्हानं गेली.

यावरचा उपाय दगडाचा आहे, आणि दगड सेंद्रिय नियमांत चालतो. १०० किलो खाद्याला ९ किलो चुनखडी. भाजलेला चुना नव्हे. तो तोंड आणि अन्ननलिका भाजून काढतो. पण सगळी चुनखडी पूड करून घातली तर निम्मं काम झालं. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा, कोंबडी उपाशी बसलेली असताना. पूड तोवर आतड्यातून निघून गेलेली असते. २ ते ४ मिलिमीटरचे खडे मात्र गिझर्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, अडकून राहतात आणि रात्रभर थोडे थोडे विरघळतात. म्हणून दोन भाग खडे, एक भाग पूड, आणि शक्य असेल तर खड्यांचा काही हिस्सा दुपारी चारनंतर वेगळ्या भांड्यात. शिंपल्याचा चुरा उत्तम. संगमरवराचा चुरा स्वस्त पडतो, पण सगळा संगमरवर एका जातीचा नसतो. राजस्थानातल्या मकराण्याचा कॅल्शियमचा, तिथल्याच राजनगरकडचा बराचसा डोलोमाइट, म्हणजे त्यात मॅग्नेशियम भरपूर. त्यानं विष्ठा पातळ होते आणि कवच सुधारायच्या ऐवजी बिघडतं. खड्यावर लिंबू पिळा. झरझर बुडबुडे आले तर घ्या, ढिम्म राहिला तर ठेवा परत. आणि हे खाद्य वाढत्या तलंगांना चुकूनही नको. ज्यांना अजून कवच करायचं नाही त्यांची मूत्रपिंडं एवढं कॅल्शियम बाहेर टाकता टाकता निकामी होतात. मेलेली तलंग उघडली तर काळजावर-यकृतावर खडू उगाळल्याचा थर दिसतो. लहान फार्मवर सगळ्यांना एकच पोतं फोडायची सवय असते, तिचा हा परिणाम.

गंमत अशी की धान्य पुरत नाही हे माणसाला शिकवलं कोंबडीनंच. १८९० च्या सुमारास जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान बेरीबेरी या पायातलं बळ घालवणाऱ्या रोगाचे जंतू शोधत होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लडखडायला लागल्या, पायातलं बळ गेलं, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीत निघालं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्यानं लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला, कोंड्यासकटचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठल्या. जीवनसत्त्वाची कल्पना निघाली ती इथून. आइकमानला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. पुढे कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम पिल्लांना चरबी काढलेलं खाद्य घालत होता, तर पिल्लांना अंगात जागोजागी रक्तस्राव व्हायला लागला. त्यातून के जीवनसत्त्व सापडलं, १९४३ चं नोबेल. आइकमानच्या कोंबड्याही फक्त धान्यच खात होत्या.

मग काकूंच्या मनातली भीती आली कुठून? तीही याच वाटेनं आली. १९४८ मध्ये बी१२ जीवनसत्त्व हाती लागलं. तोपर्यंत कोंबडीच्या खाद्यात मासळी किंवा मांसाचं काहीतरी लागतं एवढंच ठाऊक होतं; का लागतं ते कळत नव्हतं. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत लेडर्ली कंपनीतल्या टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी बी१२ चा स्वस्त स्रोत म्हणून ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक काढून उरलेला चोथा पिल्लांना घातला. पिल्लं हिशेबापेक्षा जास्त वाढली. ती जादा वाढ चोथ्यात राहिलेल्या अँटिबायोटिकची होती. तेव्हापासून पोषण आणि औषध एकाच पोत्यातून यायला लागलं, आणि दुकानदारानं, डॉक्टरानं, शेतकऱ्यानं ते वेगळं करायचे कष्ट घेतले नाहीत. आपल्याकडे कोलिस्टिन, माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवायचं अँटिबायोटिक, जनावरांच्या खाद्य-सप्लिमेंटमधून बंद व्हायला २०१९ चा जुलै उजाडावा लागला.

भीती खोटी नाही. पत्ता चुकलाय.

त्या विक्रेत्याच्या ‘घरचं सोयाबीन’मध्येही एक गोम आहे. माळव्यात सोयाबीनला काय तोटा! राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थाच इंदुरात आहे, आणि तेल काढून उरलेली पेंड, जिला डीओसी म्हणतात, ती इथून देशभर जाते. पण ती डीओसी हेक्झेन या पेट्रोलजन्य द्रावकानं तेल काढून तयार होते आणि सेंद्रिय प्रमाणनात ती चालत नाही. म्हणजे कोंबडीच्या खाद्याचा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात भरवशाचा प्रथिनांचा माल दारात पडलेला, आणि सेंद्रियवाल्याला त्याला हात लावायची सोय नाही. उरतात दोन वाटा: एक्स्पेलरवर दाबून तेल काढलेली पेंड, नाहीतर अख्खं सोयाबीन भाजून भरडणं. पेंडीत तेल ६-७ टक्के राहतं, भाजलेल्या दाण्यात १८ च्या आसपास. इंदूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दोन्ही लवकर खवट होतात. भरडलेलं सोयाबीन पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठवू नये.

कच्चं सोयाबीन मात्र घालूच नये, आणि घरचं सोयाबीन म्हणणारे बरेच जण तेच घालतात. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन अडवणारं द्रव्य असतं. प्रथिन पचवणारा रस अडला की स्वादुपिंड आणखी रस सोडतं, फुगतं, आणि तो रस बनवण्यात शरीरातली गंधकयुक्त अमिनो आम्लंच (प्रथिनाचे घटक) खर्ची पडतात, ज्यांची मुळात तूट असते. भट्टीत गरम वाळूवर दाणा भाजायचा. साल तडकते, रंग सोनेरी होतो, हिरवट कच्चा वास जाऊन खमंग वास येतो. लगेच पसरायचं नाही. गरम ढीग अर्धा तास पोत्याखाली झाकून ठेवला की दाण्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचते. मग तपासायचं. दोन चमचे भरडा, अर्धा चमचा युरिया, थोडं पाणी, बाटलीला बूच, वीस मिनिटं. उघडल्यावर अमोनियाचा भपकारा आला तर दाणा कच्चा. (सेंद्रिय शेतावर युरिया नसणारच, शेजाऱ्याकडून चमचाभर मागावा, आणि बाटलीबाहेर जाऊ देऊ नये.) वास मुळीच आला नाही आणि भरडा तपकिरी दिसत असेल तर उलटं झालं: जास्त भाजलं, लायसिन हे अमिनो आम्ल जळालं, कोंबडी खाईल पण अंगी लागणार नाही. याचं निदान बाटलीत होत नाही, ते डोळ्यांनी आणि नाकानंच करायचं.

आता खरी अडचण, मेथिओनिन. प्रथिन किती टक्के हे पोत्यावर छापलेलं असतं आणि सगळे तेवढंच वाचतात. कोंबडीला लागतात ती प्रथिनातली अमिनो आम्लं, तीही ठरलेल्या प्रमाणात. बटणं संपली की शिंप्याकडे कापड कितीही उरलेलं असो, शर्ट तिथेच अडतो. मका-सोयाबीनच्या खाद्यात सगळ्यात आधी संपणारं बटण म्हणजे मेथिओनिन. मक्यात ते ०.१८ टक्के, सोयाबीनच्या पेंडीत ०.६ च्या आसपास. ६० किलो मका आणि २८ किलो पेंड असलेल्या १०० किलो खाद्यात ते जेमतेम ०.२८ टक्क्यांवर येतं. कोंबडीनं ११० ग्रॅम खाल्लं तर ३०० मिलिग्रॅम मिळालं. पुस्तकातली किमान गरज तेवढीच, आजच्या भरपूर अंडी देणाऱ्या जातींना मात्र ४०० च्या आसपास लागतं. आणि मे महिन्यात? धापा टाकणारी कोंबडी ८५ ग्रॅमवर येते. मग २४० सुद्धा होत नाही. पहिल्यांदा अंडं लहान होतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग शेपटीच्या मुळाशी पिसं उडालेली दिसतात. पिसात गंधक असतं, म्हणून कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागतात. रक्त दिसलं की टोचणं थांबत नाही. लोक चोच कापायचा विचार करतात. आधी खाद्यातलं मीठ (१०० किलोला ३०० ग्रॅम) आणि मेथिओनिन बघावं.

बाजारात मिळतं ते डीएल-मेथिओनिन, पांढरे चमकदार कण, उकडलेल्या कोबीचा उग्र वास. ते तयार होतं अॅक्रोलिन, मिथाइल मरकॅप्टन आणि हायड्रोजन सायनाइडपासून. हे वाचून सेंद्रियवाल्यानं पोतं खाली ठेवलं तर त्याला कसं हसणार? पण शरीरात गेल्यावर कोंबडी त्यातून तेच मेथिओनिन वापरते जे तिळातून आलं असतं. युरोपच्या सेंद्रिय नियमांत ते पूर्ण बंद आहे. अमेरिकेच्या नियमांत अंड्यावरच्या कोंबड्यांना, कळपाच्या आयुष्याच्या सरासरीनं, टनाला २ पौंडांपर्यंत चालतं, म्हणजे हजारात एक. दोन्हीकडचे लोक अभ्यासूच आहेत. बंदी असलेल्या ठिकाणी वाट अशी काढतात की एकूण प्रथिनच वाढवायचं, म्हणजे मेथिओनिन आपोआप गरजेइतकं होतं. होतं खरं, पण उरलेलं कापड कुठं जाणार? यूरिक आम्ल होऊन विष्ठेत, तिथून अमोनिया होऊन शेडच्या हवेत. सकाळी शेडचा पडदा उचलल्यावर डोळे चुरचुरले तर समजावं. जमिनीवर अंथरलेली भुश्याची गादी ओली, कोंबड्यांचे तळपाय सोललेले. शुद्धतेची ही किंमत कोंबडी भरते, त्यामुळे माझा कल मोजून-मापून घातलेल्या चिमटीकडे आहे. मात्र प्रमाणपत्र घेतलेलं असेल तर ती चिमटी टाकण्याआधी प्रमाणन संस्थेला लेखी विचारावं. तोंडी ‘चालतं हो’वर विसंबू नये. आणि ‘हर्बल मेथिओनिन’ म्हणून ज्या हिरव्या पाकिटांची चलती आहे, त्यांवर मेथिओनिन किती टक्के हे लिहिलेलं नसेल तर ते हिशेबात शून्य धरावं.

चिमटी नको असेल तर तीळ आहे. तिळाच्या पेंडीत मेथिओनिन सोयाबीनच्या जवळपास दुप्पट, लायसिन मात्र कमी. सोयाबीनचं नेमकं उलटं, त्यामुळे दोघांचं जमतं. पण तिळात ऑक्झॅलेट आणि फायटेट असतात, ते कॅल्शियम आणि झिंक धरून ठेवतात, म्हणून ८-१० टक्क्यांवर जाऊ नये. सूर्यफुलाची पेंड चांगली, पण तंतू फार. मोहरीची पेंड ग्वाल्हेर-मुरैन्याकडून स्वस्तात येते. ती तपकिरी अंडी देणाऱ्या जातींना घालू नये, त्यांच्यातल्या काही कोंबड्यांच्या अंड्याला मासळीचा वास येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. भुईमुगाच्या पेंडीत बुरशीच्या विषाचा धोका सगळ्यात जास्त. एक चालण्यासारखं मिश्रण सांगायचं तर १०० किलोला मका ५०, सोयाबीनची एक्स्पेलर पेंड २०, तिळाची ८, सूर्यफुलाची ४, गव्हाचा कोंडा ४, सावलीत वाळवलेल्या शेवग्याच्या पाल्याची पूड अडीच, चुनखडी ९, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) दीड, मीठ ३०० ग्रॅम, यीस्ट २०० ग्रॅम आणि जीवनसत्त्व-खनिजांचं प्रीमिक्स ५०० ग्रॅम. प्रथिन १८ टक्क्यांच्या पुढे जातं, मेथिओनिन ०.३४ च्या आसपास. वर्षभर चालतं. उन्हाळ्यात थोडं तोकडं पडतं.

डीसीपी का, तर धान्यातलं फॉस्फरस दोन-तृतीयांश फायटेटमध्ये कुलूपबंद असतं आणि कोंबडीकडे त्याची किल्ली फारशी नाही. भरडा आंबवला तर थोडं सुटतं. जेवढा भरडा जवळपास तेवढंच पाणी, वाटीभर ताक, एक दिवस झाकून. आंबट वास यायला हवा. दारूचा किंवा कुजका आला तर फेकून द्यायचा. मे महिन्यात बारा तासही पुरतात, आणि जे भिजवलं ते त्याच दिवशी संपलं पाहिजे. हे काम रोजचं आहे. पन्नास कोंबड्यांना जमतं, पाचशेंना माणूस लागतो.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत ‘सगळं निसर्गातून’ हे अर्धं खरं आहे. पिवळ्या मक्यातलं कॅरोटीन, ल्युसर्न किंवा शेवग्याचा पाला, यातून ए जीवनसत्त्वाचं बरंच भागतं, फक्त मका जुना असेल तर कॅरोटीन उडालेलं असतं. बी२ ताकातून, पनीरच्या पाण्यातून, यीस्टमधून येतं. ते नसेल तर पिल्लांच्या पायाची बोटं आत वळतात आणि पिल्लं घोट्यांवर चालायला लागतात. लवकर लक्षात आलं तर आठवड्यात सुधारतात, उशीर झाला तर तशीच राहतात. मोड आलेल्या धान्यात ई वाढतं, बी वाढतात, पण बी१२ येत नाही. ते जंतूंकडून किंवा प्राण्यांकडूनच यायचं, म्हणून किडे, अळ्या, शेणाचा उकिरडा उकरणारी कोंबडी आणि शेडमधली कोंबडी यांची तुलना करू नये. डी जीवनसत्त्व उन्हातून मिळतं, आणि इंदुरात उन्हाला तोटा नाही. पण मे महिन्यात कोंबडी दहानंतर सावली सोडत नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढग उघडत नाहीत. पाकिटावर डी३ लिहिलंय ना हे बघायचं. वनस्पतीजन्य डी२ चा कोंबडीला फार थोडा उपयोग होतो. मँगनीज मक्यात कमी, त्यावाचून पिल्लांच्या घोट्याची शीर सरकते आणि पाय बाजूला पडतो. आणि सेलेनियम: १०० किलोत ३० मिलिग्रॅमपर्यंत, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. नसलं तर रोग, पंधरा-वीसपट झालं तर विष. हे घरी वजन करून घालायचा उद्योग कुणी करू नये.

बलकाच्या रंगाचं या सगळ्याशी काही देणंघेणं नाही. झेंडूच्या पाकळ्या वाळवून घातल्या की बलक केशरी होतो, गिऱ्हाईक खूश होतं. कोंबडीच्या अंगात मेथिओनिन किती आहे हे बलक सांगत नाही.

इथे कुणीतरी म्हणतंच: आमच्या आजीच्या कोंबड्यांना कुठं होतं प्रीमिक्स? नव्हतं. त्या वर्षाला साठ-सत्तर अंडी द्यायच्या, मध्ये खुडूक बसायच्या, दोन-तीन महिने काही द्यायच्याच नाहीत, आणि दिवसभर गोठा, उकिरडा, परसदार त्यांच्या ताब्यात असायचं. झाबुआची कडकनाथ, जिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीही वर्षाला शंभरच्या आतबाहेरच. तेवढी अंडी, तेवढी जागा आणि तेवढे किडे असतील तर ‘फक्त धान्य’ची पाटी लावावी, शिंपल्याचं भांडं तेवढं ठेवावं. तीनशे अंडी देणारी जात आणायची, जाळीत ठेवायची आणि आजीचं उदाहरण द्यायचं, हे कोंबडीला फसवणं आहे.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते. धापा टाकताना कोंबडी कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकते, रक्तातलं बायकार्बोनेट उतरतं, आणि कवचातला कार्बोनेट त्यातूनच व्हायचा असतो. म्हणजे चुनखडी भरपूर असूनही कवच पातळ. १०० किलोला १०० ते २०० ग्रॅम खायचा सोडा घालावा आणि मीठ तेवढ्या प्रमाणात उतरवावं, नाहीतर सोडियम जास्त होऊन विष्ठा पातळ होते. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी. भर दुपारी खाल्लेलं पचवायला अंगात उष्णताच वाढते. खाणं कमी झालेलं असतं, त्यामुळे जे घालतो ते थोडं दाट करावं लागतं: तीळ वर, कोंडा खाली.

आणि एवढं सगळं जमवून शेवटी बिघडतं ते कालवण्यात. ५०० ग्रॅम प्रीमिक्स १०० किलोच्या ढिगावर भुरभुरलं आणि फावड्यानं दोनदा वरखाली केलं, तर एका कोंबडीच्या वाट्याला तिप्पट आणि दुसरीला काहीच नाही. आधी प्रीमिक्स दोन किलो बारीक मक्याच्या पिठात हातानं चोळायचं, ते दहा किलोत, ते उरलेल्यात. सिमेंटच्या स्वच्छ जमिनीवर ढीग तीनदा पूर्ण पालटायचा, दरवेळी नव्या जागी. मका फार जाडा भरडला असेल तर तरीही वाया जातं. कोंबडी चोचीनं टिपून खाते, चाटत नाही. मक्याचे पिवळे तुकडे आधी उचलते, आणि भांड्याच्या तळाशी भुकटी उरते: डीसीपी, मीठ, यीस्ट, प्रीमिक्स, म्हणजे खाद्यातला सगळ्यात महाग भाग. कामाला ठेवलेला मुलगा ती संध्याकाळी झटकून देतो आणि वर ताजा भरडा ओततो, कारण भांडं स्वच्छ दिसलं पाहिजे. हे टाळायला भांडं दिवसातून एकदा पूर्ण रिकामं होऊ द्यायचं, किंवा कालवताना किलोभर तेल घालायचं म्हणजे भुकटी तुकड्यांना चिकटते, किंवा ती भुकटी थोड्या ताकात भिजवून पुन्हा समोर ठेवायची. ताकातली कोंबड्या मिनिटांत साफ करतात.

प्रीमिक्सचं पाकीट उघडलं की महिन्या-दीड महिन्यात संपवावं, हवाबंद डब्यात, थंड जागी. पत्र्याखाली ठेवलेलं ए जीवनसत्त्व जूनपर्यंत टिकत नाही. कोलीन क्लोराइड हे पूरक घालत असाल तर ते वेगळं ठेवायचं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि शेजारच्या जीवनसत्त्वांची वाट लावतं. इंदूरच्या सियागंज बाजारात घ्या नाहीतर औषधाच्या दुकानात, दोन गोष्टी वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत: घटकांत अँटिबायोटिकचं नाव नाही ना, आणि तयार केल्याची तारीख. तारीख नसेल तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, पाकीट परत.